पूर्ण महिने : शून्य

टकळीला फॉर्म भरायला भारी आवडे. कुणाला नाचायला आवडतं, कुणाला उगाच रडायला आवडतं, तसं हिला रकाने भरायला! रिकामा रकाना दिसला रे दिसला की हिचे हात शिवशिवायचे.

याची सुरुवात झाली गेल्या वर्षी. घरी विजेचं बिल तिप्पट आलं. आईने कपाळाला हात लावला, बाबांनी नुसतंच ते उलटंपालटं करून पाहिलं, आणि शाळेतून आलेल्या टकळीने पाठीवरचं दप्तरही न काढता बिलामागची मुंगीएवढी अक्षरं वाचून काढली, अर्ज लिहिला आणि पंधरा दिवसांत बिल खाली आणून दाखवलं. झालं! इमारतीत तिचा भाव वधारला. तळमजल्यावरचा न्हावी दुकानाचा परवाना घेऊन आला, वरच्या मजल्यावरची नर्स बदलीचा अर्ज घेऊन आली. तोवर वर्गात मागच्या बाकावर बसून पेनाचं टोपण चघळणारी ही मुलगी सोळाव्या वर्षी एकदम ताठ मानेने चालायला लागली. टकळी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सूत कातायची टकळी फिरत राहते तशी हिची जीभ फिरत राहते, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. आत्या गेली, नाव राहिलं.

टकळीचे बाबा पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. गावातली निम्मी दारं त्यांनी लिहिलेली. आता लोक छापलेल्या पाट्या चिकटवतात, पण जुनी ऑफिसं, इस्पितळ आणि कोर्ट अजून पेंटरलाच बोलावतात. बाबा तसे कमी बोलणारे. एका विषयावर मात्र तास तास बोलत, आणि तो विषय म्हणजे शून्य.

"अक्षर कुणीही काढेल," ते म्हणत. "शून्यात पेंटर कळतो. वरून सुरू करायचं, डावीकडून खाली उतरायचं, श्वास रोखायचा, आणि जिथून निघालो तिथे परत पोचेपर्यंत ब्रश उचलायचा नाही."

ताईचं, म्हणजे टकळीच्या थोरल्या बहिणीचं, शून्य एकदम गोल यायचं. टकळीचं? ती आपली खालूनच सुरू करी आणि घाईघाईत खाली फट ठेवून मोकळी होई. "हे शून्य नाही, हा घोड्याचा नाल आहे," बाबा म्हणत.

आता टॅक्सचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच आहे.

बाबा वर्षातून एकदा टॅक्सचा फॉर्म भरत. म्हणजे बाकीचा फॉर्म आई भरे, आणि गेल्या वर्षापासून टकळी. पण त्यातला एक रकाना बाबा कुणाला हात लावू देत नसत. 'आश्रित व्यक्ती'. आपल्या मिळकतीवर कोण कोण जगतं ते तिथे लिहायचं, म्हणजे टॅक्समध्ये तेवढी सूट मिळते. बाबा बारीक ब्रशाने, काळ्या रंगाने, पाटी लिहावी तशी ती नावं लिहीत. आधी आत्या, मग ताई, मग टकळी. ऑफिसातले लोक म्हणे तो फॉर्म एकमेकांना दाखवत.

आई तिथे कधीच नव्हती. ती इस्पितळात चादरी आणि पेशंटचे झगे शिवे. "मी कुणाच्या रकान्यात नाही," ती दरवर्षी म्हणे, "आणि जायचीही नाही."

तीन वर्षांपूर्वी आत्या गेली, तेव्हा बाबांनी आधीच लिहून ठेवलेल्या फॉर्मवरच्या तिच्या नावावर पट्टी न घेता सरळ रेघ मारली. एक केसभरही वाकडी नाही. मग ब्रश धुवायला म्हणून गेले ते तासभर आलेच नाहीत.

राहिल्या दोघी. त्यातली ताई शिष्यवृत्ती मिळवून नऊ तासांच्या अंतरावर पूल बांधायचं शिकायला गेली. शिष्यवृत्ती साधीसुधी नव्हती. फी त्यांची, पुस्तकं त्यांची, खोली त्यांची, जेवण त्यांचं! बाबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. ज्यांना सांगायचं राहिलं त्यांच्या पाट्या लिहून देताना सांगितलं.

पहिल्या वर्षाच्या शेवटी ताई तीन दिवस घरी आली. येताना एक पिशवी आणि एक कोरा फॉर्म घेऊन आली.

"हे काय?" टकळीचे डोळे लकाकले.

"टॅक्स. मला भरायला लावलाय."

"तुला? तू कमावतेस कुठे?"

"फीचे आणि पुस्तकांचे पैसे टॅक्समध्ये धरत नाहीत. पण खोलीचे आणि जेवणाचे माझी मिळकत म्हणून धरतात. टॅक्स शून्यच येतो, पण फॉर्म द्यावाच लागतो." ताई कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती. आल्या दिवशी बाहेर काढले होते तेवढेच कपडे. "भर ना तू. तुला हौस आहे."

हौस होतीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टकळीने फॉर्म पसरला आणि वकिलाच्या थाटात प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आपण कोणावर आश्रित आहात का?"

ताई हसली. "कोणावर म्हणजे?"

"बाबांवर. तू खातेस शिष्यवृत्तीचं, राहतेस शिष्यवृत्तीच्या खोलीत. मग आश्रित कसली?"

"बघ बाई. तूच वकील."

टकळीने 'नाही'वर खूण केली. पुढचा रकाना. "गेल्या वर्षी आईवडिलांच्या घरी राहिलेले पूर्ण महिने. पूर्ण हं! मध्ये पाच दिवस आली होतीस, त्याआधी दोन, आणि आता तीन. दहा दिवस. म्हणजे पूर्ण महिने..." आणि तिने खालून सुरुवात करून झपकन लिहिलं, ०.

ताईने कपडे बाजूला ठेवले. फॉर्म हातात घेतला. बराच वेळ वाचत राहिली. टकळीला वाटलं, काहीतरी चुकलं. पण ताईने पेन मागितलं आणि खाली सही केली.

"बरोबर आहे ना?" टकळीने विचारलं.

"एकदम बरोबर," ताई म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.

यानंतर तीन महिन्यांनी पाकीट आलं.

बाबा खालच्या गाळ्यात एका दवाखान्याची पाटी लिहीत होते. टकळी शाळेतून येताना पाकीट घेऊनच गाळ्यात शिरली. बाबांनी हात पुसले, पाकीट फोडलं, वाचलं. मग आतला दुसरा कागद वाचला. तो मात्र फार वेळ. शेवटी दोन्ही कागद तिच्याकडे न देता ब्रशांच्या डब्याखाली सरकवले आणि पाटीकडे वळले.

"काय आहे, बाबा?"

"काही नाही. ऑफिसचं."

आता टकळीच्या राज्यात ऑफिसचं पत्र म्हणजे काही नाही असं होऊ शकतं का! बाबा रंग आणायला गेल्यावर तिने डबा उचलला. पत्र सरळ होतं. आपण ज्या मुलीला आश्रित दाखवून सूट घेतली, त्या मुलीने तिच्या फॉर्ममध्ये ती कोणावरही आश्रित नसल्याचं लिहिलं आहे. दोन्ही फॉर्म जुळत नाहीत. साठ दिवसांत दोघांनी येऊन खुलासा करावा, नाहीतर सूट दंडासह परत भरावी. आणि सोबत ताईच्या फॉर्मची झेरॉक्स. त्यात 'पूर्ण महिने'च्या पुढे खाली फट असलेलं एक शून्य.

शून्य टकळीचंच होतं. तिने कागद होते तसे ठेवले, डबा होता तसा ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ टाळ्याला चिकटली.

त्या दवाखान्याच्या पाटीवर 'वेळ सकाळी ९ ते १' च्या जागी बाबांनी '९ ते ९' लिहिलं. डॉक्टर स्वतः आले. "पेंटर, मला मारायचा विचार आहे का?" बाबांनी न हसता पाटी खाली उतरवली आणि खरवडायला घेतली. तीस वर्षांत पाटी खरवडायची ही पहिली वेळ.

रविवारी ताईला फोन करायचा असे. नंबर बाबा लावत, बोलत आई आणि टकळी, आणि शेवटी बाबा फोन घेऊन म्हणत, "जेवलीस का? बरं." एवढंच, पण त्याशिवाय रविवार संपायचा नाही. त्या रविवारी बाबा पायऱ्या पुसायला गेले.

"पायऱ्या?" आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून या माणसाने पायरी पुसलेली पाहिली नाही मी."

मग आईनेच त्यांना धारेवर धरलं. पत्र बाहेर आलं. आईने चष्मा लावून झेरॉक्स वाचली. "शून्य? तीन दिवस होती की इथे! मी सुट्टी काढली होती तिच्यासाठी. माझी सुट्टी शून्यात गेली?"

"पूर्ण महिने विचारलेत," बाबा म्हणाले.

"मग लिहायचं ना खाली, की येऊन जाऊन असते म्हणून! हात झिजला असता का तिचा?"

दाराआड टकळी उभी होती. 'हात माझा होता' एवढे तीन शब्द. वर्गासमोर दहा मिनिटं न थांबता बोलणाऱ्या मुलीला तीन शब्द जड झाले! उद्या सांगू, ती स्वतःला म्हणाली. उद्याचा परवा झाला.

"पैशाचं काय?" आईने विचारलं.

"पैशाचं होईल," बाबा म्हणाले. "पैशाचं कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी टकळी शाळेतून आली तर ताईच्या पलंगावर रंगाचे डबे. खाली गाळ्यात जागा नाही म्हणे! काम कमी झाल्यापासून गाळ्यात तर पूर्वीपेक्षा निम्मेच डबे उरले होते. पलंगावर जुनं वर्तमानपत्र अंथरून, लहान डबे पुढे, मोठे मागे, दुकानात मांडावेत तसे मांडले होते. ताईची उशी कपाटावर गेली होती. रात्री झोपताना टकळीला पांढऱ्या रंगाचा वास येई आणि पलीकडे कुणाचाच श्वास ऐकू येत नसे.

पण टकळी म्हणजे टकळी! रडून झाल्यावर तिने काय केलं? शाळेच्या वाचनालयातून टॅक्सच्या नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "हे अकरा वर्षांत कुणी नेलं नव्हतं गं." दोन आठवडे ती जेवताना वाचे, चालताना वाचे. आणि एका दुपारी गणिताच्या तासाला, पुस्तकात पुस्तक घालून वाचताना, तिला ते वाक्य सापडलं. तिने बाकावर इतक्या जोरात हात आपटला की सरांनी तिला फळ्याजवळ उभं केलं. उभी राहिली, पण हसत!

वाक्य असं होतं: शिक्षणासाठी तात्पुरतं बाहेर असलेलं मूल त्या काळात आईवडिलांच्या घरीच राहतं असं मानलं जाईल.

घरीच राहतं! कायदाच म्हणत होता! नऊ तासांच्या अंतरावर पुलांची गणितं करणारी ताई कायद्याच्या दृष्टीने रोज रात्री याच घरात, याच पलंगावर झोपत होती. पूर्ण महिने शून्य नव्हेच, बारा! आणि त्याच्या खालच्या ओळीत आणखी एक गंमत. मूल स्वतःचा खर्च स्वतः चालवतं का हे ठरवताना शिष्यवृत्ती मोजायचीच नाही. म्हणजे ताई आश्रितच होती. अगदी नियमाप्रमाणे, शिक्क्यासकट आश्रित.

तिने ताईला फोन लावला आणि एका श्वासात सगळं सांगितलं. फक्त बाबांनी फोनवर बोलणं का बंद केलं ते सांगितलं नाही, आणि पलंगाचंही नाही.

पलीकडून ताईने विचारलं, "किती भरावे लागतील? मी देते. इथे वाचनालयात संध्याकाळचं काम करते मी, साठलेत थोडे."

"अगं पैशाचं नाहीये! तू फक्त ये. दुरुस्तीच्या कागदावर सही कर. शून्याचे बारा होतील. झालं!"

"शून्याचे बारा," ताई म्हणाली. मग हळूच विचारलं, "बाबांना राग आलाय का?"

"बाबांना राग कधी येतो? त्यांनी पायऱ्या पुसल्या."

ताईने श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "येते," ती म्हणाली. "संध्याकाळच्या बसने परत निघेन. दुसऱ्याच दिवशी परीक्षा आहे."

टॅक्स ऑफिसचा जिना चढताना बाबा प्रत्येक दारापाशी थोडे रेंगाळत होते. सगळ्या पाट्या त्यांच्याच होत्या. खोली क्रमांक १० च्या दारावरच्या शून्याचा रंग उडाला होता, पण गोलाई तशीच होती. ताई बसने थेट तिथेच आली होती. केस कापले होते. दारापाशी बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे.

"जेवलीस का?"

"हो."

"बरं."

आई कामावर होती. तिने सुट्टी काढली नाही. "माझी सुट्टी पुन्हा शून्यात घालायची नाही मला," म्हणाली होती.

आतल्या बाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होत्या. टकळीने दाखवून दिला. बाई खूश झाल्या. "या पेंटरकाका. तुमचा फॉर्म आम्ही फाइलला लावायच्या आधी सगळ्यांना दाखवतो, माहीत आहे ना? आता हा काय घोळ?"

टकळी उभी राहिली. हे पहा बाई, नियम अमुक, पान तमुक! शिष्यवृत्ती मोजायची नाही, शिक्षणासाठी बाहेर असणं म्हणजे घरी असणं. तिने पुस्तकच पुढे ठेवलं, पानात खूण घातलेली. तिच्या आवाजाने शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वळवून बघायला लागला.

"बापरे," बाई हसल्या. "हिला उद्यापासून आमच्याकडे पाठवा. बरोबर आहे तिचं, अगदी बरोबर. दर वर्षी निम्मी मुलं हीच चूक करतात. स्वतः कमावत नसतात, पण लिहितात, आम्ही आमचे मुखत्यार!" त्यांनी खणातून एक कागद काढला. "मुलीने दुरुस्ती करायची. इथे 'आश्रित, होय'. इथे महिने बारा. आणि हे खालचं एक वाक्य वाचून सही. मिटलं."

टकळीने विजयी नजरेने बाबांकडे पाहिलं. बाबा ताईकडे पाहत होते. ताई खालचं वाक्य वाचत होती.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

बाईंनीच वाचलं, भराभर, हजारदा वाचलेलं वाचतात तसं. "माझं घराबाहेर राहणं तात्पुरतं असून शिक्षण संपल्यावर आईवडिलांच्या घरी परत राहायला येण्याचा माझा इरादा आहे."

हे वाक्य टकळीच्या पुस्तकात नव्हतं. म्हणजे होतं. 'तात्पुरतं' या एका शब्दात होतं, आणि टकळीने त्या शब्दावरून नजर घसरू दिली होती.

पंखा फिरत होता. ताईच्या हातात पेन होतं, पण ते कागदाला टेकत नव्हतं.

"अगं कर सही," बाई म्हणाल्या. "इराद्याला काय पुरावा लागतो? कुणी तुझ्या घरी मोजायला येणार नाही."

"ताई, कर ना," टकळी म्हणाली. मग ती घाबरली, आणि घाबरली की ती बोलते. "बाबा, ते शून्य तिने नाही लिहिलं! मी लिहिलं. सगळा फॉर्म मी भरला. तिला काही माहीतच नव्हतं, ती कपडे भरत होती. माझी चूक आहे. मी इतके दिवस सांगितलं नाही, मी..."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

टकळीचं तोंड उघडंच राहिलं.

"तुझं शून्य खालून सुरू होतं. खाली फट राहते. पाकीट उघडल्या उघडल्या कळलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"हात तुझा होता," बाबा म्हणाले. "सही तिची होती. मला सहीचं विचारायचं होतं." आणि मग ते ताईकडे वळले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "वाचून केली होतीस?"

ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने मान खाली घातली नाही. "वाचून केली होती, बाबा."

"बरं."

"हिने शून्य लिहिलं तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी लिहिलं एकदाचं. माझ्या तोंडून ते कधी निघालं नसतं." ती थांबली. "तिथे पुढचं शिकायचं म्हणतात मला. मग तिथेच काम आहे. इथे पूलच नाहीत बांधायला. मी येत जाईन, बाबा. पण राहायला... मी खोटं लिहू का? सांगा तुम्ही. तुम्ही सांगाल तर लिहिते."

बाबांनी तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. टकळीला वाटलं, आता म्हणतील, लिही. म्हणा ना! एक सही, पूर्ण महिने बारा, पलंगावरचे डबे खाली. तिने मनातल्या मनात देवापासून ग्रंथपाल बाईंपर्यंत सगळ्यांना साकडं घातलं.

"नको," बाबा म्हणाले. "खोटी पाटी मी कुणाला लिहून दिली नाही."

मग त्यांनी बाईंना विचारलं, "माझा फॉर्म आहे का इथे?"

बाईंनी फाइलमधून काढून दिला. काळी, गोलाईदार, सुकलेल्या रंगाची ती दोन नावं. बाबांच्या खिशात ब्रश असतोच, पण त्यांनी तो काढला नाही. बाईंचं साधं पेन घेतलं आणि ताईच्या नावावर रेघ मारली. रेघ मध्यावर किंचित खाली उतरली आणि पुन्हा वर आली.

"शेजारी छोटी सही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "सूट तीन हप्त्यांत भरा. दंड मी लावत नाही. चुकून झालं असं लिहिते."

"चुकून नाही लिहायचं," बाबा म्हणाले. "दंड लावा."

खाली रस्त्यावर ताई म्हणाली, हप्ते मी भरेन. बाबा म्हणाले, तू अभ्यास कर. टकळी दोघांच्या मध्ये चालत होती आणि तिला पुस्तकाचं वजन पहिल्यांदा जाणवत होतं.

बसला तीन तास होते, म्हणून तिघं घरी आली. ताई खोलीच्या दारातच थांबली. पलंगावर डबे, ओळीने. टकळीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण ताईने काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "मी टेबलापाशी बसते."

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी एकेक डबा उचलून भिंतीशी ठेवायला सुरुवात केली. मोठे आधी, मग लहान. वर्तमानपत्र गुंडाळलं. कपाटावरची उशी काढली, खिडकीतून झटकली.

तेवढ्यात आई आली. दारात चपला काढता काढता तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि तिला कळलं ते कळलं. "दोन तासांसाठी एवढा उपद्व्याप?" ती म्हणाली.

"दोन तासांसाठी," बाबा म्हणाले.

ताई आडवी झाली. रात्रभर बसमध्ये होती. लगेच झोप लागली. बाबा दारापाशी स्टुलावर बसून राहिले, हातात काहीच नव्हतं तरी बोटं चिमटीत धरून. आईने आवाज न करता चहा टाकला. साडेचारला बाबांनीच तिला उठवलं. पायऱ्यांपर्यंत गेले. "पोचलीस की..." म्हणाले आणि थांबले.

"कळवते," ताई म्हणाली. "रविवारी मी लावेन फोन. तुम्ही नका लावू."

रविवारी तिने लावलाही. बाबा बोलले. जेवलीस का, बरं.

डबे मात्र भिंतीशीच राहिले. आई केर काढताना रोज ते सरकवी आणि रोज पुटपुटे. बाबा रोज त्यांना वळसा घालून जात. आठवडा झाला, दुसरा झाला. एका संध्याकाळी टकळी घरी आली, तर वाटेतला पांढऱ्याचा मोठा डबा पायाला लागून तिचा अंगठा ठेचला. ती तशीच लंगडत गेली, रद्दीतून एक वर्तमानपत्र काढलं आणि ताईच्या पलंगावर अंथरलं. मोठे डबे मागे, लहान पुढे. उशी कपाटावर.

शेवटचा डबा ठेवून ती वळली, तर बाबा दारात उभे होते. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. मग पुढे येऊन, कडेला आलेला एक लहान डबा पडू नये म्हणून बोटभर आत सरकवला.